डावीकडची रिकामी जागा

माझे साडू भुताला घाबरत नाहीत यात नवल नाही. पण आजवर एकही भूत माझ्या साडूंसमोर यायला धजावलेलं नाही, आणि त्याचं कारण मला पुरतं ठाऊक आहे. एखादं चुकून आलंच असतं, तर साडूंनी त्याला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं असतं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावली असती आणि "असं समोरून नका येऊ हो, सपाट दिसता. प्रकाश मागून घ्या," असं बजावून परत पाठवलं असतं. एकदा असा अपमान झाल्यावर कुठलं स्वाभिमानी भूत पुन्हा बुधवार पेठेत पाऊल टाकेल?

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सदाशिव पेठेत, ते बुधवारात. मध्ये दहा मिनिटांची चाल. हे अंतर कुणीतरी विचारपूर्वक चाळीस मैल केलं असतं, तर माझे निम्मे केस आज डोक्यावर असते. पिंपरीच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं तपासनीस होते. समोरच्या पट्ट्यावरून सुटे भाग यायचे, ते उचलायचे, उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचा आणि "नापास" म्हणून बाजूच्या पेटीत टाकायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षं रोज आठ तास नापास म्हणणारा माणूस रविवारी अचानक गुणग्राहक कसा होणार? आमच्याकडे आले की ते खुर्चीसुद्धा उजेडाकडे तिरकी करून बघत आणि मगच बसत. सिनेमाचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार. एक भुताचे आणि दुसरे बिनकामाचे. भुताचे ते झाडून सगळे पाहत आणि झाडून सगळे नापास करीत.

हे पाहणं आमच्याच घरी होई, कारण त्यांच्या घरी दिवसा अंधार होत नसे. म्हणजे आमच्याकडेही होत नसे, पण आमच्याकडे गोधड्या जास्त होत्या. भाड्याचा व्हीसीआर काखोटीला मारून ते भर मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता हजर होत आणि पहिलं काम म्हणजे आमच्या सगळ्या खिडक्यांवर गोधड्या टांगीत. दुसरं काम म्हणजे पंखा बंद. "पंख्यानं गोधडी हलते, फटीतून ऊन येतं आणि सगळ्या सावल्यांची माती होते." मग आम्ही चौघं मोठी माणसं आणि माझी मुलगी, त्या भट्टीत बसून थंडगार हवेलीतल्या गोठवणाऱ्या थरारक कहाण्या पाहत असू. एका सिनेमामागे माझं सव्वा किलो वजन उतरत असे. सिनेमा तीन तासांचा असला तर मी मध्यंतरात लिंबू-सरबताचा आख्खा तांब्या पिऊन वजन पूर्ववत करून घेत असे, नाहीतर बायकोनं मला ओळखलं नसतं.

पण उकाड्याला मी कधी भ्यायलो नाही. मी भीत असे ते साडूंच्या तर्जनीला. पडद्यावर एखादी बाई मेणबत्ती घेऊन जिना चढायला लागली की ही तर्जनी उठे. "आता बघा साडूबुवा. बाईला उजव्या कोपऱ्यात ढकललंय की नाही? मग डावीकडे एवढी भिंत मोकळी का सोडलीय? भाड्यानं द्यायचीय का कुणाला? नाही. तिथून येणार. मोजा. एक... दोन..." आणि तीन म्हणायच्या आत भिंतीतून हात बाहेर येई, तेव्हा साडूंचं बोट त्या हातावर आधीच टेकलेलं असे. बिचारं भूत हजेरीपटावर सही करायला आलेल्या कारकुनासारखं वाटे. माझ्या आयुष्यातला भीतीचा सगळा वाटा या माणसानं असा बोट दाखवून दाखवून संपवला. लोक पैसे मोजून दचकतात. मला फुकटात दचकायची सोय होती, आणि मी इतक्या वर्षांत एकदाही दचकू शकलो नाही.

एकदा वैतागून मी त्यांना थिएटरात नेलं. म्हटलं, चारचौघांत तरी गप्प बसतील. पंधरा मिनिटांत पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आपण आधी पाहिलाय का हा सिनेमा?"

"छे हो. पहिल्यांदाच."

"मग आम्हालाही पहिल्यांदाच पाहू द्या."

"पाहा की," साडू म्हणाले, "फक्त त्या आरशावर लक्ष ठेवा. कॅमेरा दोनदा त्याच्यावरून उगाच गेलाय."

गृहस्थ मध्यंतरानंतर तीन रांगा पुढे जाऊन बसले. सिनेमा सुटल्यावर मात्र ते आमच्या स्कूटरपाशी उभे. "तो आरसा तुम्हाला कसा कळला हो?" झालं! पुढचा अर्धा तास साडू त्यांना माझ्याच स्कूटरचा आरसा फिरवून फिरवून दाखवत होते, आणि मी किकवर पाय ठेवून उभा होतो. जाताना त्या गृहस्थांनी साडूंचा पत्ता लिहून घेतला. आरसा मला दुसऱ्या दिवशी बदलावा लागला.

बरं, या माणसाचा भुतांवर काडीचा विश्वास नाही. "भूत म्हणजे काय?" ते माझ्या वाट्याचे पोहे खात विचारीत. "चुकीच्या जागी लावलेला चाळीसचा बल्ब. सूर्य वरून, चंद्र वरून, घरातला दिवा वरून. माणसाचा चेहरा जन्मल्यापासून आपण वरून उजळलेला पाहतो. तोच खालून उजळा. डोळ्यांच्या खोबण्या होतात, नाकाची सावली कपाळावर चढते. सख्खी आई ओळखू येत नाही." आणि हे नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. आमच्याकडे सत्यनारायण होता आणि कथेच्या तिसऱ्या अध्यायात वीज गेली. साडू तत्परतेनं उठले, समई उचलली आणि गुरुजींच्या पुढ्यात जमिनीवर, पार मांडीला लावून ठेवली. गुरुजींची सावली छतापर्यंत गेली. "आता हे बघा," असं म्हणून त्यांनी समई उचलून डोक्यावर धरली, "हे आपले गुरुजी. आणि आता," समई खाली, "हे बघा." माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती टाळ्या पिटून म्हणाली, "काका, पुन्हा!" गुरुजींनी पोथी मिटली. "कथा संपेपर्यंत मला कुठला तरी एक राहू द्या," ते म्हणाले.

दुसरा सिद्धांत कॅमेऱ्याचा, आणि तो पहिल्याहून छळवादी. "भीती भुतात नसते साडूबुवा. भूत जिथे येणार त्या रिकाम्या जागेत असते. माणूस एका बाजूला बसवा, दुसरी बाजू मोकळी सोडा आणि कॅमेरा हलवू नका. अजिबात हलवू नका. कॅमेरा थांबला की बघणारा कामाला लागतो. तो स्वतःच तिथे काहीतरी आणून बसवतो. त्याच्या मनातलं. आपण काय आणणार त्याच्यापेक्षा वाईट?" हे मला खरंच पटलं असतं, पण पोहे संपलेले होते.

मग उदारीकरण आलं. देशाची दारं उघडली आणि त्यातल्या एका दारानं कारखान्यानं साडूंना बाहेर काढलं. स्वेच्छानिवृत्ती, असं त्याला म्हणत. इच्छा कुणाची ते कुणी विचारीत नसे. त्या पैशांतून मेहुणीबाईंना फ्रीज हवा होता. साडू बुधवारातल्याच एका दुकानात गेले आणि खांद्यावर बाळासारखा वागवायचा भलाथोरला व्हिडिओ कॅमेरा, एक तिपाई आणि तीन हॅलोजन घेऊन आले. हॅलोजन लावले की आमच्या इमारतीचा फ्यूज जाई, म्हणजे अंधार आपोआप होई. "सोय आहे," साडू म्हणत.

लग्नाच्या शूटिंगची कामं त्यांना सुरुवातीला भराभर मिळाली. म्हणजे तीन. तिसरं आमच्याच इमारतीतल्या एका मुलीचं होतं आणि शब्द मी टाकला होता, हे सांगताना अजून माझी मान खाली जाते. कॅसेट पाहायला दोन्हीकडची मंडळी जमली. वरमाय विहिणींच्या पंक्तीत खालून प्रकाश घेऊन बसलेल्या. त्या जिलबी उचलतात तर आता कुणाचं तरी काळीजच काढून खाणार असं वाटावं. कांद्याच्या पोत्याची जाळी दिव्यापुढे धरली की चेहऱ्यावर कोळिष्टकांसारखी सावली पडते, म्हणून साडूंनी मुद्दाम मार्केट यार्डातून रिकामी पोती आणवली होती. ती हॅलोजनवर तापून सप्तपदीभर मांडवात भाजक्या कांद्याचा वास घमघमत होता आणि पाचव्या पावलावर नवरदेवानं जेवणाची चौकशी केली होती. आणि प्रत्येक चित्रात नवरा-नवरी उजव्या कोपऱ्यात, डावीकडे आख्खी भिंत. वराचे वडील शांतपणे शेवटपर्यंत बसले. मग त्यांनी साडूंना विचारलं, "डावीकडे कोण येणार होतं?"

"कुणी नाही."

"मग जागा कुणासाठी धरली होती?"

"पण येईल असं वाटलं ना तुम्हाला?" साडूंचे डोळे चमकले. "खरं सांगा. वाटलं ना?"

"वाटलं," वराचे वडील म्हणाले. "शहाणा फोटोग्राफर येईल असं वाटलं."

यानंतर लग्नं बंद झाली आणि साडू पूर्णवेळ आमच्याकडे यायला मोकळे झाले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. व्हिडिओ कॅसेटच्या कडेला एक इवलीशी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आतलं आहे ते जन्मभर राहतं. सगळं जग ती मोडतं. साडूंनी आयुष्यात एकही मोडली नाही. "चांगल्या कॅसेटला कायमचं अडकवून टाकायचं? यापेक्षा चांगला शॉट मिळाला तर कुठे घेऊ?" असं म्हणून ते जुन्यावर नवं भरीत. माझ्या मुलीचा शाळेच्या गॅदरिंगमधला नाच त्यांनी घेतला होता. मी मोठ्या हौसेनं पाहुण्यांना दाखवायला लावला. मुलगी नऊवारी सावरत मंचावर आली, तिनं उजवा हात वर केला, आणि एकदम पंचवीस मिनिटं एक बंद दरवाजा. नुसता दरवाजा, आणि त्याच्या फटीतून येणारा उजेड. मी त्या दिवशी पाहुण्यांसमोर जे बोललो ते इथे छापलं जाणार नाही. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दरवाजा बघून काही वाटलं का?"

कारण त्यांचं खरं दुखणं हे होतं. भीतीची सगळी कारागिरी ठाऊक असलेल्या या माणसाला आजवर एकही माणूस घाबरवता आला नव्हता. त्यांनी स्वतःचा सिनेमा काढला, सोळा मिनिटांचा, आमच्याच घरात. भूत मेहुणीबाई. पांढरं पातळ नेसून, केस सोडून त्या मागच्या उजेडात दारात उभ्या राहिल्या की खरोखर बऱ्या दिसत, पण शॉट लांबला की केसांआडून आवाज येई, "अहो, लवकर घ्या, कणीक वाळतेय." भिणारी मुलगी म्हणजे माझी मुलगी. ती तेव्हा कॉलेजात. डावीकडे मान वळवून थिजून जाण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या पुण्यात कुणी नव्हतं, असं साडूंचं ठाम मत. आणि जिथे थिजायचं तिथे तिचा चेहरा मंद उजेडात दिसायला लागला, की साडूंचा अंगठा खाजे आणि ते झूम करीत. कॅमेरा हलवू नका असं सगळ्या जगाला सांगणाऱ्या माणसाला स्वतःला तीस सेकंद अंगठा आवरत नसे. तिचं नाक पडदाभर होई. इमारतीतल्या सगळ्यांना बोलावून सिनेमा दाखवला. लोक इतके हसले की तळमजल्यावरच्या आजोबांचा आमांश थांबला, असं ते स्वतः सांगत.

सगळे गेल्यावर साडूंनी मला विचारलं, "घाबरलात?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"साडू, मेहुणीबाईंच्या हाताला कणीक होती हो."

त्यांनी मान हलवली. तिपाईचे पाय एकेक करून मिटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस वर्षं नापास म्हटलं. लाखो तुकडे टाकले पेटीत. त्यानं कुणाच्या छातीत काही हललं नाही. एकदा, एकाच्या तरी छातीत आपण काहीतरी हलवावं, एवढंच." आणि लगेच सावरून, "पण तुम्ही कसले घाबरताय! तुम्हाला छातीच नाही, नुसतं पोट आहे." तेव्हापासून भेटले की पहिला प्रश्न, नमस्कार-चमत्काराच्या आधी: "घाबरलात का कधी एवढ्यात?" मी नाही म्हणे. ही रीतच पडून गेली.

मुलगी इंजिनियर झाली. जगातले सगळे संगणक एकाच मुहूर्तावर बंद पडणार अशी आवई उठली होती आणि ते दुरुस्त करायला पुण्यातली दर तिसरी मुलगी अमेरिकेला निघाली होती, आमचीही निघाली. टॅक्सी दुपारी दीडला यायची होती. साडू सकाळी आठला आले, कॅमेरा, तिपाई आणि तिन्ही हॅलोजन घेऊन. बैठकीच्या खोलीत दरवाज्यासमोर तिपाई रोवली. उजवीकडे माझी वेताची खुर्ची, डावीकडे, अर्थातच, मोकळी भिंत. खुर्चीशेजारच्या स्टुलावर मुलीचा चहा. वायरी सगळीकडे. बायको बॅगेवर बसून बॅग बंद करतेय, मेहुणीबाई लोणच्याच्या बाटलीला तिसरी पिशवी घालतायत, आणि साडू मुलीला सांगतायत, "बाळ, आता दारातून बाहेर जा, आणि वळून बघ. हं, पुन्हा. या वेळी वळताना जरा सावकाश. सावली चांगली पडतेय. पुन्हा एकदा." ती हसून पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली. तिसऱ्यांदा ती बाहेर गेली आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, जातेय ती!" मी ओरडलो. "खरंच जातेय! शूटिंग नाहीये हे! कितीदा घालवाल तिला? बंद करा ते! आधी बंद करा सगळं!"

साडूंनी पहिला दिवा बंद केला, दुसरा बंद केला, तिसरा बंद केला. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. बॅगा गेल्या, माणसं गेली, जिन्यात रडणं झालं. टॅक्सीत मुलगी, बायको आणि मेहुणीबाई बसल्या. बॅगांमुळे मला जागा उरली नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. टॅक्सी वळली तसे साडू माझ्याकडे न पाहता चालू लागले, सामान वर तसंच टाकून. मी वर गेलो. नंतर मी सगळ्यांना हेही सांगितलं होतं की मी लगेच पायात चपला घालून बाहेर पडलो, मंडईपर्यंत चक्कर मारली आणि छान भेळ खाल्ली.

तिसऱ्या दिवशी साडू येऊन सामान घेऊन गेले. आठव्या दिवशी कॅसेट आणून टेबलावर ठेवली. "तुमची कॅसेट. मी पाहिलेली नाही. पाहायची इच्छाही नाही." घाबरलात का, हे त्यांनी विचारलं नाही. रीत पडल्यापासून पहिल्यांदा.

बायको घरी नव्हती अशी एक दुपार बघून मी ती लावली. गोधड्या टांगल्या नाहीत. पंखा चालू ठेवला. मुलगी दारातून तीनदा गेली. तीनदा वळली. मग माझं ते ओरडणं. ऐकवेना म्हणून मी आवाज बंद केला. चित्रात दिवे एकेक करून विझले. आता चित्रही जाईल म्हणून मी उठलो, तर ते गेलं नाही. माझ्या तोंडून "बंद करा" ऐकून साडूंनी तिन्ही दिवे बंद केले होते आणि त्या गडबडीत कॅमेरा तेवढा विसरले होते. कॅमेरा एकटाच चालू राहिला होता.

समोर आमची खोली. खिडकीतून येतं तेवढंच ऊन. दरवाजा उघडा. उजवीकडे रिकामी खुर्ची, स्टुलावर मुलीचा अर्धा राहिलेला चहा, डावीकडे भिंत. काही घडत नव्हतं. कुणी झूम करीत नव्हतं, कारण मागे कुणाचा अंगठाच नव्हता. मी उभ्याचा बसलो. का कोण जाणे, मी त्या डाव्या बाजूकडे बघायला लागलो. ती परत येईल, काहीतरी विसरलं म्हणून येईल, असं मला वाटायला लागलं. ती केव्हाच गेलीय, तिथून तिचा फोन येऊन गेलाय, हे सगळं ठाऊक असून मी वाट बघत होतो.

आणि दाराच्या डाव्या अंगानं एक म्हातारा आत आला.

कोण हा? माझ्या घरात, दार उघडं बघून, असा पाय ओढत? पाठीत वाकलेला, हात बाजूला लोंबते सोडलेले. चेहरा सावलीत. आधी ओळखला तो शर्ट. तो शर्ट माझा होता. तो स्टुलापर्यंत गेला, पेल्याकडे बघत उभा राहिला, पेला उचलला आणि तिचा उरलेला गार चहा पिऊन टाकला. मग खुर्चीत बसला आणि दरवाज्याकडे बघत राहिला. आता तो वळेल आणि मला त्याचं तोंड दिसेल या कल्पनेनं मी बसल्या जागी मागे सरकलो. तो वळला नाही. मी कॅसेट भराभर पुढे पळवली. कॅमेरा हलत नव्हता, म्हातारा हलत नव्हता. फक्त भिंतीवरचं ऊन सरकत सरकत चाललं होतं. कॅसेट संपली तेव्हाही तो तिथेच होता.

मी साडूंना फोन लावला. "साडू," मी म्हणालो, "घाबरलो हो."

पलीकडून, अगदी हलक्या आवाजात:

"कुठल्या शॉटला?"

"या तुम्ही."

"तिथेच थांबवून ठेवा. नाही, नको, थांबवू नका, फीत झिजते. आलो."

दहा मिनिटांची चाल त्यांनी सहा मिनिटांत संपवली. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची तिरकी करून पाहिली नाही. मी कॅसेट मागे नेऊन लावली. दिवे विझले, तशी त्यांची तर्जनी सवयीनं उठली. "डावीकडे..." ते म्हणाले आणि म्हातारा आत आला. बोट तसंच हवेत राहिलं. म्हाताऱ्यानं चहा प्यायला तेव्हा ते हळूहळू खाली आलं आणि माझ्या मनगटावर विसावलं. बरंच घट्ट. खूप वेळ आम्ही दोघं तसेच बसून त्याच्याकडे बघत होतो.

"दिवे तर मी बंद केले होते," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"फोकस दाराच्या चौकटीवर आहे. तुम्ही धूसर आहात."

"हो."

"इथे खरं म्हणजे चेहऱ्यावर जरा पुढे जायला..." ते थांबले. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "नाही. नको होतं."

मी तयारी ठेवली होती. आता ते विचारणार आणि मी सांगणार, हो, कमाल केलीत, तुमच्यासारखा माणूस नाही, छातीत हललं. थापा मारण्यात मी कधी मागे पडलेलो नाही; आणि या वेळी तर थापही मारावी लागणार नव्हती. पण त्यांनी काही विचारलंच नाही. उठले, कॅसेट बाहेर काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली. नेहमीप्रमाणे उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या कडेची ती इवली पट्टी मोडून टाकली. टक्‌ असा बारीक आवाज झाला. तुकडा खिशात ठेवला आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"टाका. साखर कमी."

ती कॅसेट आता लावायची कशावर हा प्रश्नच आहे. व्हीसीआर केव्हाच गेला. मुलगी दोन-तीन वर्षांनी येते, कपाटात ती बघते आणि म्हणते, "बाबा, काय आहे हो हिच्यात?" मी सांगतो, तुझ्या काकांचा सिनेमा आहे, त्यातला एकच बरा. साडू हल्लीही रविवारी येतात. सिनेमे बघत नाहीत. माझ्या वेताच्या खुर्चीच्या डाव्या हाताला स्वतःची खुर्ची ओढून घेतात, आणि आम्ही दोघं उघड्या दाराकडे तोंड करून बसतो. ऊन भिंतीवरून सरकत जातं. मध्येच ते म्हणतात, "पंखा बंद करू का जरा?" आणि मी ओरडतो.